लाल रंगाला पैसे पडतात

मित्रांनो, मी एका लाँड्रीतला जुना प्रिंटर आहे. जन्मलो एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर, माझ्यासारख्याच असंख्य भावंडांसोबत. कुणी बँकेत गेलं, कुणी दवाखान्यात, एक तर म्हणे थेट विमानतळावर गेलं. माझ्या नशिबी लाँड्री आली. सुरुवातीला मी मनातून खट्टू झालो होतो. बँकेतला भाऊ थंडगार हवेत बसून नोटांचे हिशोब छापणार, आणि मी मात्र दिवसभर वाफेत, साबणाच्या वासात, लोकांचे मळके कपडे बघत बसणार!

पण हळूहळू मला माझं काम आवडू लागलं. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्यासाठी मी एक छोटी चिठ्ठी छापायचो. पाण्यात न विरघळणाऱ्या कागदावर कपड्याचं वर्णन, धन्याचं नाव, कधी द्यायचा तो वार आणि कपड्याला काय झालंय ते. ती चिठ्ठी पिनेनं कपड्याला लागली की तो कपडा कितीही पाण्यात बुडाला, कितीही पिळला, तरी वाट चुकत नसे.

दुकान एका जोडप्याचं होतं. मालक इस्त्रीचे बादशहा. त्यांनी इस्त्री केलेल्या पॅंटवर माशी बसली तर घसरून पडेल, असं लोक म्हणत. मालकीणबाई काउंटर सांभाळायच्या आणि शिलाई मशीनवर कपडे सैल किंवा घट्ट करून द्यायच्या. दोघांचा एक नियम होता, जो कुठं लिहिलेला नव्हता. कपड्यावर काय सापडलं, खिशात काय राहिलं, कुणाची कंबर किती वाढली, हे दुकानाबाहेर जायचं नाही. आख्ख्या गल्लीचं गुपित त्यांच्या हातातून जायचं आणि धुऊन, वाळवून, घडी घालून परत जायचं.

आमच्या संगणकातला प्रोग्राम एका बाईंनी लिहिला होता. सगळे त्यांना प्रोग्रामबाई म्हणत. लिहिण्याआधी त्या कितीतरी दिवस दुकानात नुसत्या स्टुलावर बसून काम पाहत होत्या. म्हणून त्यांच्या प्रोग्राममध्ये डागासाठी मोकळी जागा होती, हवं ते लिहावं. मालक लिहीत, "डाग बहुतेक भाजीचा. ग्राहक म्हणतात शाई." मी ते इमानदारीत छापत असे. काही बिघडलं की प्रोग्रामबाई सायकलवरून यायच्या, संगणक नीट करायच्या, जाता जाता माझ्या पोटातली धूळ फुंकून काढायच्या आणि म्हणायच्या, "हा गडी चांगला आहे हो." मी दिवसभर खूश असायचो.

या कामाचे त्या वर्षाला ठरावीक पैसे घेत. फार नव्हते, पण मालकांना ते टोचत. कारण मालकांना जगात इस्त्रीखालोखाल आवडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फुकट. दुकानाच्या एकाच भिंतीवर चार कॅलेंडरं होती. चारही फुकट मिळालेली, आणि त्यातलं एक मागच्या वर्षीचं.

"कपडे धुवायचे आम्ही, आणि पैसे घ्यायचे यांनी," असं ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी देत.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांचे साडू आले. मालकीणबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते एका कचेरीत संगणकासमोर बसत. तिथं नेमकं काय करत हे घरात कुणालाच सांगता येत नसे, पण बसत संगणकासमोर, त्यामुळे दोन्ही घरांत ते संगणकातले जाणकार गणले जात. त्यांनी वार्षिक पैशांची गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. लाँड्रीसाठी एक प्रोग्राम आहे, सुंदर आहे, जगभर चालतो आणि संपूर्ण फुकट आहे, असं त्यांनी सांगितलं.

शेवटचा शब्द ऐकून मालकांच्या हातातली इस्त्री थांबली. मित्रांनो, ती इस्त्री अशी कधी थांबत नसे. खालच्या उशीच्या अभ्र्यावर तिचा आकार उमटला.

साडूभाऊंनी बाह्या सरसावल्या. नवा प्रोग्राम संगणकात घेतला, नावं आणि फोन नंबर त्यात उतरवले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, आणि मग जुना प्रोग्राम आतल्या नावांसकट पुसून टाकला. नवा सुरू करताच पडद्यावर बारीक अक्षरांचा एक मजकूर आला. तो खाली खाली जातच होता. मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि विचारलं की त्यात काय लिहिलंय.

"ते कुणीच वाचत नाही, ताई," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी 'मान्य'वर बोट ठेवलं.

सगळ्यात आधी गंडांतर आलं ते माझ्यावर. पडद्यावर अक्षरं उमटली, 'हा प्रिंटर ओळखता आला नाही.' इतकी वर्षं एका जागी बसून काम केल्यावर असं कुणी म्हणालं तर तुम्हाला काय वाटेल? नव्या प्रोग्रामला नवा प्रिंटर लागत होता. तो विकत आणावा लागला. गोरा, सडपातळ, काम नसतानाही निळा दिवा लावून बसणारा. त्याला लागणारी कागदाची रीळ एकाच ठिकाणी मिळायची, आणि ती काही फुकट नव्हती. मला मागच्या फळीवर ठेवलं. माझ्या डोक्यावर बटणांचा डबा आला आणि दोन्ही बाजूंनी वाकडे हँगर. तिथून काउंटर दिसायचं, एवढंच काय ते समाधान.

आणि मी जे पाहिलं ते असं.

नव्या प्रोग्राममधून एक चिठ्ठी काढायची तर आधी एक जाहिरात बघावी लागे. गुळगुळीत दाढीचा एक माणूस आरशासमोर गाणं म्हणायचा. गाणं संपलं की चिठ्ठी. एका गठ्ठ्याला तो माणूस इतक्या वेळा दाढी करायचा की मालकांना ते गाणं पाठ झालं आणि कपडे बुचकळताना ते नकळत तेच गुणगुणू लागले. चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही जाहिरात छापून येई. एकदा मालकीणबाईंनी ती वाचली, तर ती कोपऱ्यावरच्या दुसऱ्या लाँड्रीची होती. आमच्याच पिनेनं, आमच्याच कपड्यांना लावून, आम्ही ती घरोघर पोचवत होतो.

जाहिरात कशी काढायची हे विचारावं, तर प्रोग्रामवाल्यांचा फोन नंबरच नव्हता. एक जागा होती, जिथं जगभरचे लोक एकमेकांना अडचणी विचारत. मालकांनी तिथं प्रश्न टाकला. उत्तर आलं ते कुठल्यातरी दूरदेशीच्या खानावळवाल्याचं. जाहिरातीचं त्यालाही ठाऊक नव्हतं, पण हे लाँड्रीवाले आहेत हे वाचून त्यानं टेबलावरच्या कापडांचे तेलकट डाग कसे काढायचे ते विचारलं होतं. मालक डागाच्या बाबतीत कुणाला निराश करत नाहीत. त्यांनी अख्खी दुपार एका बोटानं टाइप करत त्याला समजावलं. त्या माणसाची कापडं लख्ख झाली. आमची जाहिरात तशीच राहिली.

इकडे इस्त्री आता मालकीणबाईंच्या गळ्यात पडली होती. मालक सकाळपासून पडद्यासमोर. कधी प्रोग्राम स्वतःला नवीन करत बसे, कधी पासवर्ड बदला म्हणे, कधी आपण यंत्र नाही हे सिद्ध करा म्हणून मालकांना चित्रांतल्या बोटी ओळखायला लावी. पॅंटच्या घड्या वाकड्या जाऊ लागल्या. एक दिवस मालकीणबाईंनी गरम इस्त्री तिच्या बैठकीवर ठेवली, घाम पुसला आणि शांतपणे विचारलं, "फुकट आहे ना हे? मग तुम्ही दिवसभर काय भरताय?"

पडद्यावर दाढी चालू होती.

पण खरी गंमत होती डागांची. नव्या प्रोग्राममध्ये डागासाठी मोकळी जागा नव्हती. तिथं तयार नावं होती, त्यातलं एक निवडायचं. चहा, तेल, शाई, लिपस्टिक. बाकीच्या डागांपुढं छोटी कुलपं होती. ती उघडायची तर पैसे भरून वरचा प्रोग्राम घ्यायचा. मालक हट्टाला पेटले. फुकट म्हणजे फुकट. त्यांनी जगातले सगळे डाग या चौघांत वाटून टाकले. चिखल आणि गंज चहात गेले. मेण तेलात गेलं. निळं-काळं सगळं शाईत. आणि लाल दिसेल ते लिपस्टिकमध्ये. पोरांनी सांडलेला मुरंबा लिपस्टिकमध्ये गेला. गल्लीतल्या खाटकाचा तर अख्खा एप्रन लिपस्टिकमध्ये गेला.

मग या नोंदींवरून प्रोग्राम लोकांच्या फोनवर जाहिरातींचे संदेश पाठवू लागला.

पहिला गेला बँकेच्या मॅनेजरांना. त्यांच्या पॅंट मालकीणबाई नेहमी कंबरेत सैल करून देत आणि तशी नोंद करत. त्यांना पोट कमी करणाऱ्या कुठल्याशा वर्गाचं आमंत्रण आलं, 'तुमच्या विश्वासू लाँड्रीच्या सौजन्याने.' ते काउंटरवर आले आणि पोट आत ओढून उभे राहिले. मालकांना काही उमगलं नाही. त्यांना वाटलं, साहेबांना ठसका लागलाय.

आणि मग एका सकाळी हेडसरांच्या पत्नी आल्या. हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. मालक त्यांच्या पत्नीला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनींनी पर्समधून फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'कॉलरवर लिपस्टिक? काळजी नको! आमचा साबण वापरा, घरात कुणालाही कळणार नाही.' खाली आमच्या लाँड्रीचं नाव.

झालं होतं असं. काही दिवसांपूर्वी हेडसर स्वतः करडा कोट घेऊन आले होते. एरवी त्यांचे कपडे वहिनी आणत, आणि नंबरही वहिनींचाच दिलेला होता. सरांनी कॉलरवरचा लाल डाग दाखवला, घरी काही बोलू नका असं अजिजीनं सांगितलं आणि मालकांनी मान डोलावली होती. डाग होता शाळेच्या बाकाच्या रंगाचा. पण लाल, म्हणून गेला लिपस्टिकमध्ये.

"हे तुम्ही पाठवलंत?" वहिनींनी विचारलं.

मालकांनी तो संदेश वाचला. मग पुन्हा वाचला. मागच्या फळीवरूनही मला त्यांचे कान लाल झालेले दिसले.

"वहिनी, तो रंग होता. बाकाचा रंग. मी स्वतः काढला."

"मग लिपस्टिक का लिहिलंत?"

मालकांनी साडूभाऊंचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "लाल रंगाला पैसे पडतात," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, खरं असूनही इतकं खोटं वाटणारं वाक्य मी आजवर छापलेलं नाही. वहिनींनी मालकांकडे असं पाहिलं की बटणांच्या डब्याखाली मीही अंग चोरलं. मालकांनी घाईघाईनं कोट आणायची विनंती केली. वहिनी म्हणाल्या, कोट घरीच टांगलाय आणि त्यावर काहीही नाही. तेच तर दुखणं होतं. मालकांनी डाग इतका सफाईनं काढला होता की हेडसरांची अब्रू वाचवायला एक ठिपकासुद्धा शिल्लक नव्हता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मालकांना आपण जरा कच्चं काम करायला हवं होतं असं वाटलं.

वहिनी निघून गेल्या. त्यांनी घरी बोलणं टाकलं. बिचाऱ्या हेडसरांना कशाचा पत्ताच नव्हता. डबा बंद झाला आणि ते शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर बिस्किटं खाऊन दिवस काढू लागले.

मालकांच्या तोंडाला त्या दिवशी पाणीसुद्धा लागलं नाही. फसलो याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ते मालकीणबाईंना म्हणाले, "माणसानं विश्वासानं सांगितलं होतं गं. मी तोंड बंद ठेवलं आणि दुकान बोललं."

मालकीणबाईंनी शिलाई मशीनवर कापड पांघरलं, दुकानाला कुलूप लावलं आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता शाळेत जायचं. वाटेत वहिनींना घ्यायचं. त्या नाही म्हणाल्या तर दारात बसून राहायचं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मालकीणबाईंनी तो प्रसंग काउंटरवर इतक्या जणांना, इतक्या हातवाऱ्यांसह सांगितलाय की मीच तिथं होतो असं मला वाटतं.

शाळेच्या अंगणात तो बाक होता. शिपायानं तपासणीच्या आधी त्याच्या पाठीची सगळ्यात वरची फळी लालभडक रंगवली होती. मालक वाकून बाकाची पाठ बारकाईनं बघत गेले आणि एका जागी थांबले. तिथं रंग ओरखडल्यासारखा निघाला होता, आणि वाळलेल्या रंगात करड्या लोकरीचे तंतू चिकटले होते. त्यांनी हेडसरांना बोलावून आणलं आणि बाकावर बसायची विनंती केली. हेडसर गोंधळून बसले. खिडक्यांतून शिक्षक बघत होते, शिक्षकांच्या मागून मुलं. मालकांनी सरांना पाठ टेकायला लावली. कॉलर बरोबर त्या ओरखड्यावर आली.

वहिनी पुढं झाल्या. त्यांनी नखानं एक तंतू सोडवला, उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला. कोट त्यांनीच पसंत केलेला होता, लोकर त्या ओळखणारच.

"इथं पाटी नव्हती का, रंग ओला आहे म्हणून?"

"होती," हेडसर म्हणाले.

"कुणी लावली होती?"

हेडसर बाकावरच जरा खाली सरकले. "मीच."

"मग बसलात कसे?"

पाटी लावून हेडसर दमले आणि टेकले, एवढंच झालं होतं. मुलांनी पाहिलं होतं, पण हेडसरांना सांगणार कोण? आणि सगळ्यांना शिस्त शिकवणारा माणूस स्वतःच्या पाटीखाली बसून रंगला, हे घरी सांगायची त्यांना लाज वाटली होती. वहिनींनी हातरुमाल तोंडाला लावला. खांदे हलू लागले. मालकांना वाटलं, त्या रडतायत. मग रुमालाआडून हसू फुटलं, आणि त्या हसत हसत तिथंच, हेडसरांच्या शेजारी, बाकावर बसल्या. रंग आता वाळला होता.

परत आल्यावर मालकांनी संगणक बंद केला आणि इस्त्री तापत ठेवली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः प्रोग्रामबाईंकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण बाई सायकलवरून आल्या. त्यांनी नव्या प्रोग्राममधून गिऱ्हाइकांची नावं बाहेर काढायचा प्रयत्न केला. तिथंही कुलूप निघालं. आपलीच नावं आपल्याला हवी तर पैसे. साडूभाऊंना बोलावणं गेलं होतं. ते कोपऱ्यात उभे राहून चारही कॅलेंडरं वाचत होते.

मालकांना वाटलं, बाई आता चांगलं सुनावतील. पण त्या तसल्या नव्हत्या. "प्रोग्राम मी परत बसवते," त्या म्हणाल्या. "नावं मात्र तुम्हीच गोळा करा. दारोदार जा. त्यांची माहिती गेलीय, त्यांना ते तुमच्या तोंडून कळू दे."

म्हणून मालक आणि साडूभाऊ घरोघर फिरले. प्रत्येक दारात आधी माफी, मग नाव. कुणी चहा दिला, कुणी उभ्या उभ्या झाडलं. दोन घरांनी तर यापुढं कपडे कोपऱ्यावरच देणार असं सांगितलं, आणि ते तसंच करतात. खाटकाला लिपस्टिकच्या नव्या छटांचे संदेश रोज येत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण ऐकताना हातातली सुरी खाली ठेवली नाही, त्यामुळे तिथली माफी साडूभाऊंनी एकट्यानं, पूर्ण आणि फार छान मागितली. बँकेचे मॅनेजर मात्र हसतमुखानं सामोरे आले. ते त्या वर्गाला खरोखरच जाऊ लागले होते आणि त्यांच्या सगळ्या पॅंट आता घसरत होत्या. मालकीणबाईंना महिनाभराचं काम मिळालं. याचं श्रेय साडूभाऊ अजूनही स्वतःकडे घेतात.

प्रोग्रामबाईंनी मला फळीवरून उतरवलं, बटणांचा डबा बाजूला ठेवला, पोटातली धूळ फुंकली आणि तार जोडली. मी खरं सांगतो, मला धास्ती होती. इतके दिवस पडून राहिल्यावर अंग आखडतं. पहिल्या चिठ्ठीवर अर्धं अक्षर उठलंच नाही. मग उठलं.

आता मालक इस्त्रीपाशी असतात आणि मी काउंटरवर. वर्षाचे पैसे द्यायची वेळ आली की मालक कुरकुरतात, पण आता बाईंना स्टुलावर बसवून, चहा पुढं ठेवून कुरकुरतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना चांगलं-वाईट कळत नाही. जे सांगाल ते आम्ही छापतो, आणि ज्याला सांगाल त्याला पोचवतो. माझ्यासारख्याची धूळ अधूनमधून झटका, पाण्याचा पेला जरा लांब ठेवा, एवढं केलंत तरी आम्ही खूप वर्षं टिकतो. पण फुकट मिळालेल्या वस्तूवर 'मान्य' म्हणण्याआधी मात्र विचारा, की ती पोट कशावर भरते. तुमच्याकडून पैसे घेत नसेल, तर कदाचित शेजाऱ्याची कॉलर घेत असेल. आणि ती कॉलर द्यायचा हक्क तुम्हाला नाही.

आज साडूभाऊ पुन्हा आलेत. गिऱ्हाइकांना आठवण करून देणारं काहीतरी नवीन आहे म्हणे, आणि तेही फुकट. मालकांनी त्यांना स्टुलावर बसवलंय आणि सगळ्या अटी मोठ्यानं वाचायला सांगितल्यात. सकाळपासून वाचतायत. दोन गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेली, एक ऐकायला थांबलंय. 'आपली माहिती आमच्या मित्रांना देण्यात येईल' इथवर आल्यावर मालकीणबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं की हे मित्र म्हणजे कोण. साडूभाऊंनी वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. त्यांचा घसा बसलाय. मालकांनी त्यांना पाण्याचा पेला दिला, माझ्यापासून दूर धरून.

"सावकाश वाचा, साडूभाऊ," ते म्हणाले. "आम्हाला घाई नाही."